भरतीवाले सर

बाप ‘हो’ म्हणायच्या आतच सर पोराचं दप्तर उचलून स्वतःच्या खांद्याला अडकवत. बाप अजून बायकोच्या तोंडाकडे बघतोय, आजी आतून काहीतरी पुटपुटतेय, आणि हे उंबऱ्याबाहेर उभेसुद्धा! एका खांद्यावर स्वतःची रेक्झिनची काळी बॅग, दुसऱ्यावर पोराचं दप्तर. पोरगं एकदा बापाकडे बघे, एकदा दप्तराकडे, आणि दप्तराच्या मागून चालू लागे.

“हात धरला की पोरगं रडतंय, ताई,” ते मला सांगत. “दप्तर धरलं की गुमान मागं येतंय. कवा बी करून बघा.”

मला करून बघायची वेळ आली नाही. मी लातूरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात प्रवेशाच्या टेबलावर बसत होते. पोरं माझ्यापर्यंत पोचत तेव्हा त्यांची रडारड वाटेतच उरकलेली असे. सर त्यांना टेबलासमोर उभं करत, दप्तर खाली ठेवत, रुमालाने मान पुसत आणि म्हणत, “घ्या ताई, भरती करून घ्या.” ‘प्रवेश’ किंवा ‘ॲडमिशन’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. आमच्या ऑफिसात शिपायापासून डायरेक्टर सरांपर्यंत सगळे त्यांना भरतीवाले सरच म्हणत. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगून काही उपयोग नाही. त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

त्या वर्षांत जून महिन्यात तुम्ही लातूरच्या स्टँडवर उतरला असाल, तर असे सर तुम्हीही पाहिले असतील. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, भेदरलेलं पोरगं, टोपी सावरत मागून येणारा बाप, आणि या सगळ्यांच्या पुढे ताडताड चालणारा, ना मामा ना काका, असा एक माणूस. खेड्यातल्या लोकांना अख्खं लातूर म्हणजे एकच मोठी शाळा वाटे आणि तिचं दार फक्त या माणसाला उघडता येतं, असंही वाटे. आमच्या क्लासच्या मोठमोठ्या जाहिराती रस्त्यावर लागत, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो असत. ती पोरं कुणी घरातून उचलून आणली, त्याचा फोटो कुठे नसे.

पण हे सर मुळात शिक्षक होते, हे आधी सांगायला हवं. मुखेडकडच्या त्यांच्या गावात आठवी ते दहावीची एक खासगी शाळा होती. तिथे ते मराठी आणि इतिहास शिकवत. शाळा विनाअनुदानित. म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. शिक्षकाने रोज यायचं, हजेरी घ्यायची, शिकवायचं, पेपर तपासायचे, आणि पगार मात्र सरकार अनुदान देईल तेव्हापासून. ते कधी देईल, हे कुणी सांगत नाही. अनुदान तुकडीला मिळतं आणि तुकडी पटावर टिकते. वर्गात पोरं कमी भरली की तुकडी गेली, तुकडी गेली की शिक्षकही गेला. म्हणून मे महिन्यात बाकीचं जग आंबे खात असताना हे शिक्षक वाडीवस्तीवर पोरं मागत फिरतात. कुणी सायकल कबूल करतो, कुणी एसटीचा पास, कुणी दोन गणवेश. शिक्षक पोरांना घडवतो वगैरे भाषणं मी शिक्षकदिनाला पुष्कळ ऐकली आहेत. ती करणाऱ्यांना एकदा मे महिन्यात मुखेडच्या बाजारात नेऊन उभं करायला हवं होतं.

सरांची स्वतःची नेमणूकही अशीच झालेली. बी.एड. करून ते गावोगावच्या संस्थांत मुलाखती देत हिंडले. एकदा हिमायतनगरकडे कुठल्याशा संस्थेत गेले, तर बाहेर बसलेल्या उमेदवारांना एक पांढऱ्या शर्टातला तरुण मोठ्या अगत्याने चहा देत होता. सरांनी त्याला विचारलं, तुम्ही शिपाई का? तो म्हणाला, नाही, मी पण उमेदवारच आहे, अध्यक्ष माझे मामा लागतात.

“चहा लई गोड व्हता, ताई,” सर हा किस्सा सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. “त्या चहातच मला समजलं, आपलं काय काम व्हत न्हाई.”

शेवटी गावातल्याच शाळेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावलं. प्रमाणपत्रांची फाइल उघडूही दिली नाही. “काय शिकवता ते ऱ्हाऊ द्या. पोरं किती आनता, ते सांगा,” म्हणाले. सरांनी उन्हाळाभर तांडे आणि वस्त्या पालथ्या घातल्या, एक वर्ग भरेल इतकी पोरं आणून दाखवली आणि ते शिक्षक झाले. ज्या तुकडीसाठी त्यांनी ती पोरं आणली, ती नववीची तुकडी पुढे त्यांचीच म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यावरच त्यांची जागा टिकून होती. त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जाऊ लागली, तरी अनुदान आलं नाही. भाऊ शेत बघायचा, बायको शिवणकाम करायची, आणि सर रोज इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत जायचे.

दप्तर उचलायची युक्ती त्यांना भूकंपाने शिकवली. भूकंप झाला तेव्हा ते नुकतेच शिकून मोकळे झालेले. लातूरकडच्या पडलेल्या गावांत मदतीला गेले. आधी सगळे दगडमाती उपसायला जातात तसे गेले, आणि मग त्यांच्याकडे पोरांचं काम आलं. ज्यांच्या घरात कुणी उरलं नव्हतं अशी पोरं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली. बाहेरगावच्या संस्था त्यांना आपल्या वसतिगृहात न्यायला जीपगाड्या घेऊन आलेल्या. पोरं जागची हलेनात. हात धरला की किंचाळायची. त्यांना शेवटचं ज्याने हात धरून ओढलं होतं, त्याने ढिगाऱ्यातून ओढलं होतं. मदतीच्या ट्रकमधून सगळ्यांना एकसारखी निळी दप्तरं आली होती, तेवढीच काय ती त्यांच्या मालकीची वस्तू. सर एका मुलीचं दप्तर खांद्याला लावून जीपकडे चालायला लागले, तशी ती मागून धावत आली.

हे ते हसत सांगत नसत. एवढंच म्हणत, “जमीन आमच्याकडं बी हलली व्हती, ताई. घराला भेग पडली, ती अजून हाय. पर आमाला दाखला न्हाई मिळाला.” भूकंपग्रस्त असल्याचा दाखला असला की नोकरीत राखीव जागा मिळे. ज्यांच्या अंगणातलं मडकंसुद्धा फुटलं नव्हतं, अशा काहींनी तो कुठून कुठून मिळवला, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. सरांनी खटपट केली नाही. मेलेल्यांच्या रांगेत आपण कशाला घुसा, असं त्यांना वाटलं असणार. असल्या माणसांचं पुढे काय होतं, तेही आपल्याला माहीत आहेच.

त्यांचं हे कसब आमच्या डायरेक्टर सरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी सरांना बोलावून घेतलं. दहावी झालेली हुशार पोरं आमच्याकडे आणायची, त्याबद्दल क्लासकडून काहीबाही मिळायचं. घरात पहिल्यांदाच सरांची कमाई आली. मग ते किनवटच्या जंगलातल्या गावांपर्यंत जाऊ लागले. तिथली एक गोष्ट ते मोठी रंगवून सांगत. एका गावात त्यांनी पाराशेजारी उभं राहून सांगितलं, “भरती हाय, पोरं घेऊन या.” थोड्या वेळाने एक बाप आपल्या उघड्याबंब पोराला घेऊन आला. पोरगं छाती फुगवून, श्वास कोंडून उभं. बाप म्हणाला, “मोजा साहेब, छाती मोजा.” गावात आजवर भरतीला म्हणून फक्त लष्कराचीच माणसं आलेली. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली आणि विचारू लागली, “कोन भरती हाय? लई सीरियस हाय का?” तिचा नवरा नांदेडच्या दवाखान्यात भरती झाला होता, तो परत आला नव्हता.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“छाती मोजली की,” सर म्हणाले. “पोरानं इतका येळ श्वास धरला व्हता. तसंच कसं पाठवावं?”

असा माणूस. त्याच्यावर रागावणं अवघड होतं आणि मी पुढे जो राग केला तो आजही निवलेला नाही.

कारण पुढे क्लासचा धंदा वाढला. दहावीनंतरची पोरं आणून पुरेना. शेजारच्या क्लासने आठवीपासूनच पोरं घ्यायला सुरुवात केली, पायाभूत बॅच म्हणून. मग आमच्या डायरेक्टर सरांनाही पाया आठवला. त्यांनी सरांना विचारलं, आठवी-नववीची पोरं आणाल का?

सर त्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. “आठवी-नववीचीच तर पोरं आमच्या शाळेत हायेत, ताई. ती इकडं आनली तर माझी तुकडी काय खाईल?”

त्यावरही डायरेक्टर सरांकडे उत्तर होतं. पोरांची नावं शाळेतच राहू द्या, म्हणाले. नाव तिकडे, पोरगं इकडे. परीक्षेपुरतं पाठवून देऊ. तुमचा पटही शाबूत आणि आमची बॅचही भरली. असं सर्रास चालत होतं, आजही चालतं. सरांनी तरी आपलं गाव सोडून इतर गावांतून सुरुवात केली. पण गाव कुठे गप्प बसतं? पहिल्याच दिवाळीत गावातली माणसं त्यांच्या दारात आली. “सर, परगावच्या पोराला लातूर दावता आन् आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय? तुमी आमचे का त्यांचे?”

सरांनी आपल्याच वर्गातल्या पोरांची दप्तरं उचलली. पुढच्या जूनपर्यंत गावातली चांगली पोरं एकेक करून आमच्या वसतिगृहात आली. शाळेच्या हजेरीपटावर नववीचा वर्ग भरलेला, आणि खरा वर्ग लातूरला माझ्या खिडकीसमोर डबा खात बसलेला.

सरांची मुलगी मात्र तिकडेच होती. अश्विनी तिचं नाव. डायरेक्टर सरांनी स्वतःहून सांगितलं होतं, तुमच्या मुलीची फी नको, तिला आणा. सर एकदा तिला घेऊन आले. दोन घट्ट वेण्या, शाळेचाच गणवेश. प्रवेशासाठी नाही, लातूर दाखवायला. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून समोरच्या वर्गाकडे बघत होती. तिच्याच गावची पोरं तिथे बसलेली. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, “मॅडम, इथं सायन्सचे सर रोज येतात?”

त्यांच्या शाळेतले विज्ञानाचे सर पगाराची वाट बघून कंटाळले आणि पुण्याला निघून गेले होते. त्या जागेवर कुणी आलं नव्हतं.

मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, “हिला इथंच ठेवून जा. आजच.”

“आनतो की ताई. फकस्त अनुदान होऊ द्या.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “कवा कोन साहेब अचानक आला तर वर्ग रिकामा दिसू नये. माझंच पोरगं वर्गात न्हाई म्हनल्यावर दुसऱ्याला काय सांगू? चार पोरं तर बसलेली दिसली पायजेत. एक वर्ष. फार तर दोन.”

“आणि तिची वर्षं?”

“हुशार हाय ती. भरून काढंल.”

परतीच्या एसटीपर्यंत मी त्यांना पोचवायला गेले. अश्विनी खिडकीत बसली होती आणि गाडी सुटेपर्यंत स्टँडसमोरच्या क्लासच्या पाट्या एकेक करून वाचत होती. दुसऱ्यांच्या घरात ‘विचार कसला करता’ म्हणून दप्तर उचलणारा हा माणूस, त्याला स्वतःच्या घरातलं एक दप्तर उचलवेना.

आणि मग पटाची तपासणी आली. तपासणीची शाळांना भीती नसे. आज या शाळेत साहेब येणार असले की शेजारच्या शाळेची पोरं ट्रॅक्टरमध्ये घालून आणायची आणि साहेब पुढच्या गावाला निघाले की आपली पोरं तिकडे पाठवायची. गावागावांतला शेजारधर्मच होता तो. या खेपेला मात्र हुकूम निराळा निघाला. सगळ्या शाळा एकाच वेळी तपासायच्या, आणि मोजलेल्या पोराच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची. कुणी कुणाला पोरं उसनी द्यायची सोयच उरली नाही.

आदल्या दिवशी दुपारी सर भाड्याची जीप घेऊन लातूरला आले. गावची पोरं एका दिवसापुरती न्यायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणून सोडायची. नावं तर शाळेतलीच आहेत, खोटं काहीच नाही, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मी त्यांना डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये नेलं.

“उद्या टेस्ट आहे, सर,” डायरेक्टर म्हणाले. “रँक लावतो आपण. तुम्हाला मी काय सांगायचं?”

“साहेब, माझ्या तुकडीचा प्रश्न हाय.”

“पालकांची परवानगी आणा. माझी काही हरकत नाही.”

सरांनी माझ्या टेबलावरून गावातल्या एका बापाला फोन लावला. त्याच्या पोराला सरांनी अगदी घरातून चालवत आणलं होतं. त्या बापाचा आवाज इतका खणखणीत होता की मला पलीकडून सगळं ऐकू येत होतं. “सर, तुमीच म्हनला व्हता ना? गावात जत्रा असू द्या न्हाई तर मयत असू द्या, पोराला एक दिवस बी गावाकडं बोलवायचं न्हाई. मी माझ्या बापाच्या वर्षश्राद्धाला बोलावलं न्हाई त्याला. आन् आता तुमीच नेऊन राहिले?” सर ‘हाव, हाव’ म्हणत राहिले. मग त्यांनी दुसऱ्याला फोन लावला. तिसऱ्याला लावला नाही.

तोवर पोरं सरांना बघून वर्गाबाहेर आली होती. सरांनी त्यांना सांगून पाहिलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी एक जण म्हणाला, “सर, माझी रँक जाईल.” तो हे घाबरत म्हणाला, पण म्हणाला.

“बराबर हाय,” सर म्हणाले. त्यांनी त्या पोराच्या पाठीवर थाप मारली. “तसंच पायजे.” आणि ते रिकामी जीप घेऊन परत गेले. मी दारात उभी राहून जीप वळेपर्यंत बघत होते. मला त्या पोरांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि त्यांचा काही दोष नव्हता.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. नववीच्या वर्गात अश्विनी आणि आणखी दोन-तीन मुली. साहेबांनी सगळ्यांच्या बोटाला शाई लावली. मग हजेरीपट बघितला आणि रिकामे बाक बघितले.

“साहेबांनी इचारलं, बाकीची पोरं कुठं गेली? मी म्हनलं, शिकायला गेलीत.” सर हसले. “साहेब बी हसले, ताई. चांगला माणूस व्हता.”

तुकडी गेली. संस्थेच्या अध्यक्षांनी चारचौघांत सरांना सुनावलं की तुमच्यामुळे शाळेचं नाव गेलं. ज्या पोरांच्या जिवावर इतकी वर्षं पट दाखवला ती कुणी आणली होती, हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही. काही काळाने शाळेच्या उरलेल्या वर्गांना अनुदान सुरू झालं. सरांची जागा उरली नव्हती, पण विज्ञानाची रिकामी जागा भरायची होती. तिथे अध्यक्षांची सून आली. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे गावभर वाटले. सरांच्या घरीही आले. त्यांनी ते खाल्ले, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं.

आता तरी मुलीला आणा, म्हणून मी त्यांना निरोप धाडला. ते आले. या वेळी अश्विनीचं दप्तर आणि वळकटीही बरोबर होती. पण डायरेक्टर सरांचा सूर बदललेला. शाळेत जागा नाही म्हणजे पोरांची नावं ठेवायला शाळा नाही, आणि नावं ठेवायला शाळा नाही तर हे सर काय कामाचे? “पुढच्या वर्षी बघू,” असं ते म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. मी भांडले, अगदी आवाज चढवून भांडले. त्यांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

गावात नववीच उरली नव्हती, म्हणून अश्विनीने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावी केली. पुढची शाळा दूर, आणि संध्याकाळी परतायला एसटी नाही. विज्ञान सुटलं ते सुटलंच. सर इतर क्लासेससाठी काही वर्षं फिरत राहिले. मग क्लासवाल्यांनी फोन करणाऱ्या मुली ठेवल्या, त्या मुली पालकांना बाबा, काका म्हणत गोड बोलू लागल्या, आणि घरोघर जाणाऱ्या माणसाची गरज संपली. मुखेडच्या स्टँडवर एकदा ते चक्कर येऊन पडले. नांदेडच्या दवाखान्यातून त्यांचा मला फोन आला होता.

“ताई, आमचीच भरती झाली बगा.”

मी भेटायला निघाले, त्याच्या आधीच ते गेले.

तेराव्याला मी त्यांच्या गावी गेले. अंगणात मांडव, मांडवात गाव. दोन मोटारी येऊन थांबल्या. त्यांतून उतरले ते सरांनी नेलेलेच दोघं, आता डॉक्टर झालेले. त्यांनी सरांच्या फोटोपुढे डोकं टेकलं. गावातल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. “सरांनी गावाला डाक्टर दिले,” म्हणून जो तो सांगू लागला. खोटं नव्हतं ते. त्या दोघांपैकी एक, ज्याची रँक जाणार होती तो, खरोखरच हुंदके देऊन रडला.

अश्विनी चहा देत होती. अंगावर साधी साडी, वेणी एकच. अंगणवाडीतल्या मदतनिसाच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता, हे मला तिच्या आईने आल्या आल्या सांगितलं होतं. त्या डॉक्टरने तिच्या हातून कप घेतला आणि डोळे पुसत, अगदी मनापासून विचारलं, “अश्विनी, तू का गं नव्हतीस आली आमच्यासंगं? तू तर आमच्या सगळ्यांत हुशार होतीस.”

“मला पटासाठी ठेवलं व्हतं,” ती म्हणाली.

आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. फोटोशेजारी बसलेल्या तिच्या आईने कपाळाला हात लावला. “पोरी, आज तरी नको.”

“आज न्हाई तर मग कवा, आई?”

मग तिने रिकामे कप एकात एक घातले, ट्रे उचलला आणि ती आत निघून गेली.